पोपडे

"पोपडे धरलेत की गं," माय म्हणाली.

मिलानमध्ये दुपारचे साडेबारा वाजले होते, आमच्या गावी साखऱ्यात चार. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चसमोर एका दगडी बाकावर बसून मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. बिनफ्लॅशचा, जरासा हललेला. लिओनार्दो दा विंचीचं ‘द लास्ट सपर’. या चित्रासाठी मी आठ महिने तिकिटाच्या मागे लागले होते. तिने फोन एकदा लांब धरला असेल, एकदा नाकाजवळ आणला असेल. येशू कोणता, दगा देणारा कोणता, असलं काही विचारलं नाही. तिला माणसं दिसलीच नाहीत, भिंत दिसली.

"ओल चढली असंल. मागं मोरी हाय का?"

मी हसले, आणि हसता हसता थांबले. मोरी नव्हती, पण भिंतीच्या पलीकडे मठाचं स्वयंपाकघर होतं. रोजच्या चुली, रोजची वाफ. चित्र खराब होण्याच्या कारणांत अभ्यासक ते कारणही मोजतात. जुन्या इमारती कशा जगवायच्या ते शिकायला मी मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठात आले होते, तिथला सहामाही अभ्यास करून बसले होते, आणि हिंगोलीतल्या सेनगाव तालुक्यातल्या एका बाईने फोनवरच्या फोटोवरून निदान केलं होतं.

साखरा म्हटलं की बाहेरची माणसं विचारतात, साखर कारखाना आहे का तिकडे? आमच्याकडे सोयाबीन, तूर आणि हळद. आमचं जुनं घर मातीचं, वर माळवद. त्या घराच्या भिंतींचा हिशेब मायकडे होता. कुठल्या भिंतीला पश्चिमेचा पाऊस लागतो, कुठल्या भिंतीत मुंग्यांनी घर केलंय, कुठे उंदरांनी पोखरलंय, सगळं तिला तोंडपाठ. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे ‘दसरा काढतात’. घरातलं चिंधूक न् चिंधूक धुवायचं, भांडी घासायची आणि भिंती पोतारायच्या. त्याआधी जिथे जिथे गिलावा सुटलाय तिथे गारा लावायचा. माती चाळायची, तिच्यात गव्हाचं भुसकट टाकायचं, पाणी ओतून दोन-तीन दिवस कुजू द्यायचं, मग पायांनी तुडवायचं. तुडवायचं काम माझ्याकडे असे. पुस्तकातला ‘बंधक द्रव्य’ हा शब्द कळायच्या कितीतरी आधी माझ्या पायांना तो माहीत होता.

चित्राची ओळख शाळेत झाली. इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षेला बसायचं म्हणून ड्रॉइंगच्या सरांकडे जायचो. त्यांच्याकडे जुन्या कॅलेंडरातून कापून पुठ्ठ्यावर डकवलेलं हे चित्र होतं. सर त्यावर पट्टी ठेवून दाखवायचे: छताच्या रेषा बघा, भिंतींच्या रेषा बघा, सगळ्या येशूच्या डोक्यापाशी मिळतात. हेच यथार्थदर्शन. आम्ही मान डोलवायचो. ते चित्र कागदावर नसून भिंतीवर आहे, हे सरांनी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि माझ्या डोक्यात राहिलं नसेल. मूळ चित्र आपल्या पुठ्ठ्याएवढंच असणार असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

ते ४ मीटर ६० सेंटिमीटर उंच आणि ८ मीटर ८० सेंटिमीटर रुंद आहे. आमच्या जुन्या घराची दर्शनी भिंत त्यात सहज मावेल.

आत जायची तऱ्हा दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागासारखी. मोजक्या माणसांचा गट करतात. एक काचेचं दार उघडतं, गट आत, दार बंद. मग थांबायचं. बाहेरची धूळ, आपल्या श्वासाचा दमटपणा, कपड्यांवरचा कचरा सरळ आत जाऊ नये म्हणून मधे ही कोंडवाड्यासारखी खोली. मग पुढचं दार. शेवटी आत सोडतात ते १५ मिनिटांसाठी.

पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे रंग फिके आहेत. पुठ्ठ्यावरच्या येशूचा अंगरखा कसा लालभडक होता. इथे सगळं धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. जवळ जावं तर कठडा, आणि कठड्यावरून नीट पाहिलं की दिसतं, रंग सलग नाहीच. दाण्यादाण्यांनी उरलाय. मधे मधे फिक्या जलरंगाने भरलेल्या मोकळ्या जागा. दूर सरकलं की पुन्हा माणसं होतात: कुणी उठून उभं राहिलेलं, कुणी छातीवर हात ठेवून ‘मी नाही’ म्हणणारं, कुणी शेजाऱ्याच्या कानाशी. ‘तुमच्यापैकी एकजण मला धरून देईल’ हे वाक्य येशूने नुकतंच उच्चारलंय आणि ते टेबलाच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तेवढाच वेळ या भिंतीवर आहे.

मला मात्र ती पंगत वाटली. तेराही जण टेबलाच्या एकाच अंगाला बसलेत, यावर कलेच्या इतिहासात पुष्कळ लिहून झालंय. सप्त्याच्या भंडाऱ्यात वाढलेल्या मुलीला त्याचं नवल वाटत नाही. एका अंगाला बसवलं की समोरून वाढता येतं. शिवाय ही खोली म्हणजे मठातलं जेवणघर. खाली संन्यासी जेवायला बसत आणि वर भिंतीवर आणखी एक पंक्ती. त्यांचं टेबल, त्यावरचं कापड, त्याच्या घड्या, पाव, ताटल्या हे सगळं खालच्या टेबलांशी मिळतंजुळतं काढलेलं. मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्त्सा याने हे काम लिओनार्दोला दिलं, आणि १४९५ ते १४९८ च्या सुमारास ते झालं.

आता मुद्द्याचं. इटलीत भिंतीवर चित्र काढायची खात्रीची रीत फ्रेस्को. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. रंग त्या दगडात अडकतो, भिंतीवर न राहता भिंतीतलाच होऊन जातो. अट एकच: जेवढं एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. त्या तुकड्याला तिकडे ‘जोर्नाता’ म्हणतात. आपल्याकडचा ‘रोज’ तो हाच. एका रोजाचं काम. गवंड्याच्या हाताखाली गेलेल्या कुणालाही ही शिस्त समजावून सांगावी लागणार नाही.

लिओनार्दोला रोजाने काम करणं जमणारं नव्हतं. मठाच्या प्रमुखाचा पुतण्या मात्तेओ बांदेल्लो तेव्हा लहान होता, त्याने पुढे लिहून ठेवलंय: कधी हा माणूस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवायचा, कधी दोन-तीन दिवस नुसता हात बांधून चित्रासमोर उभा राहायचा, तर कधी भर उन्हात दुसरीकडचं काम टाकून यायचा, कुंचल्याचे एक-दोन हात मारायचा आणि निघून जायचा. चुना अशा माणसासाठी थांबत नाही. म्हणून त्याने ओली भिंत सोडली. कोरड्या भिंतीवर पांढरं अस्तर दिलं आणि त्यावर अंडं आणि तेल मिसळलेल्या रंगांनी, लाकडी फळीवर काढावं तसं चित्र काढलं. हवं तेव्हा खोडता आलं, सावल्या हळूहळू गडद करता आल्या. त्या चेहऱ्यांवरचं जे काही आपल्याला हलवतं ते या सवडीतून आलेलं आहे. पण रंग भिंतीत गेला नाही, वर बसून राहिला. १५१७ साली, म्हणजे लिओनार्दो जिवंत असतानाच, एका प्रवाशाने चित्र बिघडायला लागल्याची नोंद केली.

हे सगळं मला वर्गात शिकवलं होतं. जे शिकवलं नव्हतं ते पंधरा मिनिटांतल्या शेवटच्या तीन मिनिटांत दिसलं. मी वळले. समोरच्या भिंतीवर तेवढंच मोठं दुसरं चित्र आहे, येशूला क्रुसावर दिल्याचं. चित्रकार जोव्हान्नी दोनातो दा मोंतोर्फानो, साल १४९५. खोली तीच, ओल तीच. आणि रंग कसे खणखणीत! लाल म्हणजे लाल. मोंतोर्फानोने ओल्या चुन्यावर, रोज मोजून, निमूटपणे काम केलं होतं. त्याच भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत ड्यूकच्या कुटुंबाच्या गुडघे टेकलेल्या आकृती नंतर लिओनार्दोने कोरड्यावर काढल्या. त्या जवळपास पुसून गेल्यात. एकाच भिंतीवर, हातभर अंतरात, दोन्ही रीतींचा निकाल लागलेला आहे. आमच्या गटातल्या एकानेही त्या भिंतीकडे धड पाहिलं नाही. दोघा-तिघांनी तिला पाठ लावून फोटो मात्र काढून घेतले.

मला मोंतोर्फानोबद्दल माया वाटली. काम चोख केलेला, नाव न झालेला गवंडी. तरी खरं सांगायचं तर पुन्हा वळून मी लिओनार्दोकडेच पाहिलं.

या चित्राचे हाल लोकांनीही केले. १६५२ मध्ये स्वयंपाकघराकडचं दार मोठं करायचं म्हणून भिंत फोडली, त्यात येशूचे पाय गेले. वाढप्यांची सोय झाली! १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजेने तिथे घोडे बांधले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली एकामागून एकाने वरून रंग फासले. एकाने तर हा फ्रेस्कोच समजून भिंतीवरून उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. १९४३ च्या १५ ऑगस्टच्या रात्री दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात जेवणघराचं छप्पर आणि एका बाजूची भिंत कोसळली. चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांच्या आधाराने उभी राहिली. मग १९७८ पासून पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलोन या बाई सूक्ष्मदर्शक आणि शल्यक्रियेचं पातं घेऊन परांचीवर बसल्या आणि परक्या रंगांचे थर खरवडत राहिल्या. चित्र पुन्हा खुलं झालं ते २८ मे १९९९ ला. त्याच महिन्याच्या १ तारखेला परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला तारखा अशाच लक्षात राहतात.

हरवलेले पाय पाहायचे असतील तर जुन्या नकलांकडे जावं लागतं. लिओनार्दोच्या वर्तुळातल्या जाम्पिएत्रिनोने १५२० च्या सुमारास केलेली मोठी नक्कल लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या मालकीची आहे. तिच्यात पाय आहेत, आणि यहूदाच्या कोपराने उलटलेली मिठाची कुपीही स्पष्ट आहे. मूळ चित्रात ती शोधावी लागते. खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याच्या हातून मीठ सांडतं, यात मराठी माणसाला टीप द्यायची गरज नाही.

त्या रॉयल अकॅडमीत आमच्या मुलखाच्या पैशावर एक मराठी चित्रकार शिकून आला. गोपाळ देऊसकर. १९३० च्या दशकात निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात बालगंधर्वांची पुरुषवेशातली आणि स्त्रीवेशातली जी दोन भव्य चित्रं आहेत, ती त्यांची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. माझ्या पणज्याने भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा आणा त्या बोटीच्या तिकिटात गेला असेल, असं म्हणायला मला आवडतं. मिलानला जाताना मला शिष्यवृत्तीचे कागद घेऊन जितक्या खेपा पडल्या, तितक्या देऊसकरांना पडल्या नसाव्यात एवढीच इच्छा.

निजाम सरकारचा आणि इटलीच्या भिंतींचा संबंध मात्र याहून जुना आहे, आणि तो मला मिलानच्या ग्रंथालयात सापडला. १९२० ते १९२२ या दोन वर्षांत हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी प्रमुख असताना, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन जतनतज्ज्ञांना अजिंठ्याला आणलं. रेनेसाँच्या भिंती जगवणारे हात वाघोरा नदीच्या घळीत! अजिंठ्याची सहल मी सातवीत केली होती. एस.टी.ची गाडी, डब्यात दशम्या आणि ठेचा, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर ‘पुढे चला, पुढे चला’. त्या वेळी पाहिलेलं सगळं पिवळट-काळसर आठवत होतं. ते काळसरपण काळाचं नव्हतं, निदान सगळं नव्हतं, हे आता वाचत होते.

चेक्कोनींनी सुटत आलेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या, पोकळ झालेले भाग मागून भरले. ते केलं नसतं तर बरंच काही खाली पडलं असतं. त्यावर त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या लाखेचं रोगण दिलं. सुरुवातीला चित्रं झळाळली. मग लाख पिवळी पडली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि खालचे निळे-हिरवे रंग तपकिरी दिसू लागले. १९९९ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग यांनी नवव्या-दहाव्या लेण्यात ते थर उतरवायला घेतले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा उजेडात आले.

आणि मौज पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या त्या भिंतीवरचे सुटलेले पोपडे ज्याने चिकटवले, त्या माउरो पेल्लिच्चोलीनेही अल्कोहोलमधली लाखच वापरली. फक्त आधी तिच्यातलं मेण काढून. तिथे तिने चित्र वाचवलं असं सगळे मानतात. कुसुंबाच्या आणि पळसाच्या झाडावरचा किडा, त्याची राळ, आणि जगातल्या दोन भिंती. एकीला तारक, दुसरीला मारक. चेक्कोनींना शिव्या घालणं सोपं आहे, आमच्या क्षेत्रात ती पद्धतच आहे. मला ते पटत नाही. त्यांनी त्या काळी जे उत्तम समजलं जात होतं ते केलं, आणि आज आम्ही जे उत्तम समजून लावतोय त्यावर पातं घेऊन कुणीतरी उद्या बसणारच आहे.

अजिंठ्याला ‘फ्रेस्को’ म्हणायची सवय इंग्रजांनी लावली. ते खरे फ्रेस्को नव्हेत. तिथे खडबडीत दगडावर मातीचा गिलावा आहे. त्यात खडीचा चुरा, भाताचं तूस, गवताचे धागे. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. म्हणजे लिओनार्दोसारखीच कोरडी भिंत. या भिंती समजून घ्यायला रंगांच्या जुन्या रीती जाणणारी एक बाई आली होती. क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी चेन्निनो चेन्निनीचा चित्रकारांसाठीचा जुना इटालियन ग्रंथ १८९९ मध्ये इंग्रजीत आणला होता. अंड्यात रंग कालवून स्वतः बोत्तिचेल्लीच्या नकला केल्या होत्या. त्या १९०९ ते १९११ मधले दोन हिवाळे अजिंठ्याला तंबू ठोकून राहिल्या आणि चित्रांच्या नकला केल्या. बंगालमधून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आले. हैदराबादकडून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन काझी. या सय्यद अहमदांनी पुढे अजिंठ्याच्या देखरेखीतच आयुष्य घातलं. इटलीतली विद्या लंडनमार्गे मराठवाड्यात आली आणि मराठवाड्यातल्या डोंगरातच मुरली.

नुसत्या मराठवाड्याचंच का म्हणा. अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळाव्या लेण्यातला शिलालेख त्याचा मंत्री वराहदेव याचा. आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, आमच्या शेजारचा जिल्हा. मिलानच्या ड्यूकच्या हजार वर्षं आधी, आमच्या बांधाला लागून बसलेल्या दरबाराने भिंती रंगवायला माणसं लावली. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. इटलीतल्या ड्यूकचं नाव मात्र मला त्याच्या बायकोसकट पाठ आहे.

शिकून परत आल्यावर मी पुन्हा अजिंठ्याला गेले. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बस धरली. पहिल्या लेण्यात मी पद्मपाणीला ओझरतं पाहिलं आणि मग, मायसारखी, त्याच्या कडेचा गिलावा पाहत राहिले. जिथे रंग गळून पडलाय तिथे आतली माती दिसते, आणि मातीत तूस दिसतं. अगदी आमच्या घरच्या भिंतीतल्या भुसकटासारखं. पहारेकरी दोनदा म्हणाला, "म्याडम, चित्र तिकडं आहे."

या तुसापायीच अजिंठ्याचं नुकसानही झालं. किडे ते खातात, गिलावा आतून पोकळ होतो. वेरूळचा गिलावा तुलनेने टिकला. याच राजदेव सिंगांनी मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सरदेसाई यांच्यासोबत २०१६ मध्ये दाखवून दिलं की वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत. किडा त्यांना तोंड लावत नाही, आणि ते दमटपणाही सांभाळतात. मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडं लिंबाचा पाला टाकायचे. भांग टाकली तर पोलीस धरतील."

आमच्या घराचा पुढचा भाग आता सिमेंटचा आहे. स्लॅब आहे, फरशी आहे, आणि फरशीच्या वर हातभर ओल चढून रंगाचे पोपडेही आहेत. सिमेंट श्वास घेत नाही, जमिनीतली ओल आत कोंडते आणि मग रंग फोडून बाहेर येते. माझ्या पदवीचा घरात झालेला एकमेव उपयोग म्हणजे हे वाक्य, आणि तेही कुणी ऐकून घेतलं नाही. मागची एक खोली मात्र मातीची राहिली आहे, धान्याच्या कणग्या ठेवायला.

यंदा दसरा काढायला गेले होते. मागच्या खोलीची पश्चिमेची भिंत सुटली होती. मायने गारा दोन दिवस आधीपासून भिजत घातला होता. मी वही काढली, मातीला भुसकट किती, पाणी किती, दिवस किती. तिने मूठभर गारा हातात घेऊन दाबला, बोटांमधून किती निसटतो ते पाहिलं, आणखी पसाभर भुसकट टाकलं. लिहिण्यासारखं काही सांगितलं नाही. मग जुन्या भिंतीवर तांब्याने पाणी मारू लागली. एकदा, दोनदा, भिंत गडद होईपर्यंत.

"त्या बाईनं किती वर्षं खरवडली म्हणालीस?"

"वीसच्या वर."

"आन् त्यानं काढलं किती दिवसांत?"

"तीन-चार वर्षं."

ती काही बोलली नाही. गाऱ्याचा गोळा उचलला, हात मागे नेला आणि म्हणाली, "तो फोन बाजूला ठेव. शिंतोडे उडतील."